काकांच्या नावाची बाटली

मोहिनी: काकू, तुम्ही जरा आत जाता का? हे फक्त काकांना सांगायचं असतं. आमचा नियम आहे तसा.

जसोदाबाई: तुन्हा नियम पुनामा ठेव. येस्नं पोट दुखनं तरी येस्ना पहिले माले समजस. बोल.

मोहिनी: काका, चालेल?

दगा: बोल नं. मी काय चोरी करी का?

मोहिनी: मागच्या महिन्यात आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतली मुलं ग्रामपंचायतीत येऊन सगळ्यांचं रक्त घेऊन गेली ना? किडनीचा आजार, साखर, हे घराण्यात कसं उतरत येतं ते आम्ही शोधतो. त्यात तुमच्या नावाची बाटली होती.

दगा: मंग? मेळाना घोडासारखं शे नं रगत?

मोहिनी: ठणठणीत आहे. फक्त माझ्या रक्ताशी त्याचं काहीच नातं लागत नाही.

जसोदाबाई: म्हंजे? ह्या तुन्हा बापना सख्खा भाऊ शेत नं?

मोहिनी: ऐका तर. त्या दिवशी तुम्हीही रक्त दिलंत, काकू. ती बाटली तुमच्याशी जुळते. सख्ख्या भावासारखी.

जसोदाबाई: माय वं! म्हंजे इतला वरीस मी मन्हा भाऊना संसार करी ऱ्हायनी?

दगा: पोरी, तुन्हं मशीन बिघडी गयं.

मोहिनी: पुन्हा तपासलं. तेच आलं. काकू, तुमचे भाऊ, मगनमामा, त्या दिवशी कुठे होते?

जसोदाबाई: मगन? आठेच व्हता. येस्नीच त्याले धानोराथून बलाई लिधा व्हता, केळीना कामले. आनि जाताना दंडले कापूस चिकटेल व्हता. मी इचारं, तं म्हने काटा लागना.

दगा: तो येडा. त्याले सांगं व्हतं, कापूस फेकी दे.

जसोदाबाई: काय लालूच दिधी त्याले? तो तं सुई देखीसन पयस.

दगा: बिस्किटना पुडा. रगत दिधं का बठ्ठास्ले देत व्हतात.

मोहिनी: काका, हसू येतंय, पण का केलंत हो असं? मी नव्हते म्हणून साधलं तुम्हाला.

दगा: शहादाथून आमनी पोर रंजितासाठे सोयरीक उनी शे. रविवारले पाव्हना येतीन. घराना आजार समजना तं?

जसोदाबाई: त्या पाव्हनास्ले काय मोहिनी सांगाले जाई? खरं बोला.

दगा: ...तुन्हा बाप चांगला हिंडे-फिरे. तपासणी करी, नी सहा महिनामा गया. पहिले आमना बाप बी तसाच गया. माले समजीच नको, असं वाटनं.

मोहिनी: बाबा तपासणीने नाही गेले, काका. पाय सुजेपर्यंत कोणी तपासलंच नाही. तोवर किडनी संपली होती. आजोबांच्या आजाराचं तर नावही कोणाला कळलं नाही. लवकर कळलं तर रोज एक गोळी, मीठ कमी आणि वर्षातून एकदा तपासणी. माणूस शेत करतो, नातवंडं खेळवतो.

दगा: तुले सांगाले सोपं शे.

मोहिनी: सोपं नाही. माझ्यात आहे ते.

जसोदाबाई: काय म्हनस?

मोहिनी: बाबांकडून आलंय. मी रोज गोळी घेते. बरी आहे, एकदम बरी आहे.

दगा: कवय समजनं?

मोहिनी: झाली दोन वर्षं.

दगा: आनि आमले सांगं नही तू?

मोहिनी: तुम्ही घाबरला असता.

दगा: घाबरतूच. पन तू तं एकली नही ऱ्हाती.

मोहिनी: म्हणून तर आलेय. पुण्यातून दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं. मलाच भीती वाटत होती, तुम्ही तपासणीविना राहून जाल याची.

(दगा सदऱ्याची बाही वर सारतो.)

दगा: ले. जितलं लागी तितलं ले. नी रंजिताले बी इचारी ले. तिनं तिले ठरावू दे. पाव्हनास्ले काय सांगानं ते नंतर देखसूत.

मोहिनी: हात सैल सोडा. बघू नका तिकडे.

दगा: मी मगन नही.

जसोदाबाई: डोया तं मीटेल शेत.

मोहिनी: झालं काका. आता निकाल येईपर्यंत काळजी करू नका. निम्मी शक्यता आहे की तुमच्यात नसेलच. मग तुमचं खाणं-पिणं आहे तसंच चालू द्या.

जसोदाबाई: नही. येस्नामा निंघो का नको निंघो, आजपाइन घरमा मीठ कमी. तू जेवाले बठशी, तं तुन्हासाठे येगळी भाजी कसाले रांधानी?