दिवस मावळल्यावरचं जेवण

बेळगावच्या दवाखान्यात यशोदाबाई आपल्या नंबरची वाट बघत होत्या आणि शेजारच्या म्हातारीची लेकाशी चाललेली कुरकुर थेट त्यांच्या कानात शिरत होती.

"रक्त द्यायला निपाणीवरनं आणलास व्हय रं, अतुल?"

"आई, जगताना सोसलेल्याच्या खुणा जनुकांवर उमटत्यात म्हणं. डॉक्टर त्याच तपासणार हाईत."

"मग माझ्या सासूबाईंचं नाव निघंल त्यात."

"हळू बोल गं."

"पर तपासायचं कशापायी?"

"असंच. जरा थकलीयास तू."

"थकलीया? आपल्या जैनाच्या घरात दिवस मावळल्यावर कोण जेवत न्हाई, आन् परवा मी जेवले. हात धुताना बाहेरचा अंधार दिसला. तुम्ही समदी ताटाकडं बघत गप बसलासा."

"चुकून झालं असंल."

"चुकून न्हाई. आत चल. डॉक्टरला तू काय सांगू नगंस, मीच सांगते. माझी आठवण जात चाललीया."