मधला डोंगर

सरोज: अहो, पुन्हा लावा ना फोन! आठवा महिना भरत आलेली पोर कळा येतायत म्हणून सांगते आणि मधेच कट होतो, म्हणजे काय!

त्र्यंबक: लावतोय. डोंगराळ भाग आहे, रेंज जाते-येते. आणि मुकुल आहे ना तिच्याजवळ.

सरोज: मुकुलराव धरणावर इंजिनियर आहेत, डॉक्टर नाहीत. मी म्हणत होते, पहिलं बाळंतपण माहेरी, आपल्या ठाण्यात करू. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर हॉस्पिटल आहे. पण तुम्ही!

त्र्यंबक: अगं, मी सगळा अभ्यास केलेला त्या जागेचा. आल्प्समधली छोटीशी नगरपालिका. मधे मुख्य गाव, चढावर विखुरलेल्या चार वाड्या. तीन बाजूंना डोंगर, खाली नदी, बाकी जंगल आणि कुरणं.

सरोज: आणि माणसं?

त्र्यंबक: असतील तीनशेच्या आसपास.

सरोज: एवढीच? आपल्या सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त जमतात!

त्र्यंबक: तरुण मंडळी शहरात उतरतात गं. म्हातारेच उरलेत.

सरोज: मग बाळं किती जन्मली तिथे गेल्या वर्षी?

त्र्यंबक: सरोज, आता...

सरोज: सांगा ना. आकडे तोंडपाठ असतात तुमचे.

त्र्यंबक: एकही नाही.

सरोज: अरे देवा!

त्र्यंबक: पण शेजारच्या खोऱ्यात मोठं हॉस्पिटल आहे. फक्त अकरा किलोमीटर. मी स्वतः मोजलंय. थांब, लागला! स्पीकरवर टाकतो. हॅलो, श्रिया?

श्रिया: बाबा... ॲम्ब्युलन्सला कॉल केला. पण सकाळपासून बर्फ पडतोय, घाट बंद केलाय त्यांनी.

त्र्यंबक: घाट कुठून आला? हॉस्पिटल तर अकरा किलोमीटरवर.

श्रिया: बाबा, मधे डोंगर आहे! रस्ता पूर्ण वळसा घालून जातो. एरवी पण दोन तास लागतात.

सरोज: तुम्ही मोजलंत तरी कसं?

त्र्यंबक: नकाशावर. पट्टी ठेवून.

सरोज: सरळ? डोंगरातून? अहो, येऊरच्या पलीकडे बोरिवली आहे, म्हणून वर्तकनगरहून आपण डोंगर फोडून जातो का? घोडबंदर रोडने वळसा घालूनच जातो ना! जन्मभर शाळेत भूगोल शिकवलात, आणि पोटच्या पोरीच्या वेळी असं?

त्र्यंबक: चुकलं गं. तू धर फोन.

सरोज: आणा इकडे. श्रिया, कोण आहे तुझ्याजवळ?

श्रिया: मुकुल दारातला बर्फ काढतोय. शेजारची आजी आलीय. तिने गुरांच्या डॉक्टरला बोलावलंय.

सरोज: गुरांच्या?

श्रिया: गावात तो एकच डॉक्टर आहे, आई. हेलिकॉप्टर पाठवतो म्हणालेत, पण ढग हटल्यावर. मला खूप भीती वाटतेय गं.

सरोज: वाटणारच, बाळा. मलाही वाटतेय. डाव्या कुशीवर हो. कळ आली की खुशाल ओरड, लाजू नकोस.

श्रिया: आई... बाबांवर चिडू नकोस ना. तो डोंगर मला रोज किचनच्या खिडकीतून दिसतो. अकरा नाहीये, हे मला माहीत होतं. तरी मी तुला तेच सांगत राहिले.

सरोज: का गं?

श्रिया: मला यायचंच नव्हतं. मुकुलला सोडून एवढे महिने... आणि तू बाबांचं ऐकतेस, म्हणून.



सरोज: बरं. आधी सुखरूप मोकळी हो. मग तुम्हा दोघांनाही बघते.

श्रिया: फोन ठेवू नकोस ना, आई.

सरोज: नाही गं ठेवत, सोन्या. अहो, असे भिंतीला टेकून काय बसलात? चार्जर आणा आधी.