थंडीत पिकणारं बॅकस

(इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या उतारावरची द्राक्षबाग. सप्टेंबरची सकाळ. नाशिकहून आलेली मीनाक्षी आणि तिची इथेच जन्मलेली भाची स्वराली.)

मीनाक्षी: एवढुसे मणी? आमच्या पिंपळगावात असा घड कुणी क्रेटमध्ये भरला नसता.

स्वराली: हा खायचा द्राक्ष नाही, आत्या. वाइनचा आहे.

मीनाक्षी: हा नाही, हे द्राक्ष. नाव काय याचं?

स्वराली: बॅकस. चाखून बघ ना.

मीनाक्षी: साल जाड. बी आहे. गोड लागतं, पण मागून आंबट येतंय. आणि वास कसला गं हा? ओला पाला चुरगळल्यासारखा?

स्वराली: एक्झॅक्टली! वाइनमध्ये तर अजून येते. नेटल, गूजबेरी, एल्डरफ्लॉवर. इथल्या हेजमधला, म्हणजे कुंपणाच्या झुडपांमधला, सगळा वास.

मीनाक्षी: म्हणजे मूळचं इथलंच?

स्वराली: नाही, जर्मन. सिल्व्हानर आणि रीझलिंग ह्या दोन द्राक्षांचा क्रॉस केला, मग त्याला म्युलर-थुर्गाऊबरोबर. जास्त उन्हात साखर पटकन चढते, आंबटपणा जाते. इथे थंडीत स्लोली पिकते, म्हणून वास राहते.

मीनाक्षी: छाटणी कोण करतं?

स्वराली: मी.

मीनाक्षी: शनिवार-रविवारी येऊन?

स्वराली: रोज. आत्या, मी विमानाचा जॉब सोडला. जानेवारीत. ही दोन एकर लीजवर घेतली.

मीनाक्षी: राजीवदादाला माहितेय?

स्वराली: बाबाला वाटते मी अजून विंग्ज डिझाइन करते. तू सांगशील त्याला? तो म्हणेल, मी शेती सोडून इथे स्लाऊला आलो, वेअरहाऊसमध्ये राबलो, ते ह्यासाठी?

मीनाक्षी: शेती सोडली म्हणतो? त्याला बाग कधी नकोच होती गं. मला हवी होती. बाराव्या वर्षी छाटणी शिकले मी, तळहाताला घट्टे पडले होते. अप्पांनी बाग दादाच्या नावावर केली, त्यानं ती विकून विमानाचं तिकीट काढलं, आणि माझं लग्न लावून दिलं.

स्वराली: तू काहीच बोलली नाहीस?

मीनाक्षी: कुणी विचारलंच नाही.

स्वराली: सॉरी, आत्या. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मीनाक्षी: या ओळीत पानं फार ठेवलीस. घड सगळे सावलीत गेलेत.

स्वराली: उद्या काढते.

मीनाक्षी: उद्या कशाला? दोघी आहोत की. थांब, आधी फोन लाव. ...दादा? हो, सुखरूप पोचले. ऐक, मी स्वरालीच्या बागेत उभी आहे.