पिवळा टॉवेल

नागोयाच्या सभागृहाबाहेर टॉवेल विकत घ्यायला चाहत्यांची रांग लागली होती. प्रत्येक वादकाच्या नावाच्या टॉवेलचा रंग वेगळा. वीस वर्षांनी ‘आमागुमो’ बँडचे वादक पुन्हा एकत्र वाजवणार होते. रांगेत काझुहोच्या पुढे पन्नाशीच्या दोघी उभ्या होत्या.

“तू मिनोरी ना?”

“तोमोए! ओळखलंस कसं?”

“गळ्यातल्या निळ्या टॉवेलवरून. जपून ठेवलास, बाई.”

“तुझा लाल कुठंय?”

“त्यानं फरशी पुसली. बँड फुटला, तर तू माझ्याशी बोलणंच टाकलंस!”

“तुझ्या त्या लाल टॉवेलवाल्या शुंजीनंच फोडला.”

“आणि तुझा इझुमी धुतल्या तांदळासारखा?”

“आज दोघं एकाच गाडीतून उतरले.”

“बघितलं. एकमेकांच्या बॅगा उचलत होते, मेले!”

“आणि आपण बसलो भांडत.”

“आत तू कुठं उभी राहणार? उजवीकडेच, इझुमीसमोर?”

“हो. तू डावीकडे, शुंजीसमोर.”

“मधे उभ्या राहू या का? दोघी?”

“मधे? ड्रमवाल्यासमोर? तिथं कोण असतं?”

“कुणीच नसतं गं, बिचाऱ्याचं.”

रांग सरकली. टॉवेलवालीनं विचारलं, “लाल की निळा?”

“पिवळा,” दोघी एकदम म्हणाल्या.

“ड्रमवाल्याचा? सकाळपासून एकानंही मागितला नाही!”

“आता मागितला ना? दोन द्या.”

“तीन,” मागून काझुहो म्हणाली.