सौरभच्या बाटलीतले धणे

ऋतुजा : ...आणि मसाला भाजताना आई गुणगुणायची, “धनं भाजिते मी बाई, चुलीपाशी सांजयेळी, वास शेजारी पोचला, माझ्या पदरा काजळी.” लहानपणी ऐकलेला तिचा तो आवाज अजून कानात आहे. तेवढं सांगितलं तुझ्या मित्राला. बाकी काही शिकवलं नाही.

इंद्रजीत : म्हणजे ओवीसुद्धा म्हणून दाखवलीस सौरभला. त्याच्या विश्रांतवाडीच्या घरी मैफल झाली तर.

ऋतुजा : मैफल कसली? त्याची बायको निकिता होती, मी होते, आणि त्यानं तुझ्यासारखीच घरी आंबवायला घेतलेल्या गव्हाच्या बिअरचं पिंप होतं. त्यानं विचारलं, वहिनी, धणे कितपत भाजायचे? मी भाजून दिले. संत्र्याची साल किसून दिली, पांढरं न येऊ देता. तुलाही अशीच देत आले ना इतकी वर्षं?

इंद्रजीत : आज माझे मीच भाजतोय, दिसतंय ना? आणि काल चार लोकांत बाटली उघडून तो काय म्हणाला, तेही सांग.

ऋतुजा : “वहिनींचा हात लागला की धणे बोलायला लागतात.” एवढंच.

इंद्रजीत : एवढंच! सगळे ग्लास नाकाशी धरून डोळे मिटून बसले होते, तीर्थ घेतल्यासारखे. आणि तो तुझ्याकडे बघत वास घेत होता.

ऋतुजा : तो ग्लासात बघत होता. तुझ्या बिअरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, ते झोंबलंय तुला.

इंद्रजीत : काढला की. त्या चौघांतला संपत म्हणाला, दातदुखीवर उत्तम आहे.

ऋतुजा : मूठभर लवंगा घातल्यावर काय म्हणणार बिचारा? वर जायफळ, वर आलं. पेरूचा एवढा गर ओतलास, त्याचा मागमूस नाही. गव्हाच्या बिअरला आंबतानाच लवंगेचा हलका वास येतो, हे तूच मला शिकवलंस ना? मी म्हटलं, लवंग नकोच. तर तू म्हणालास...

इंद्रजीत : काय म्हणालो?

ऋतुजा : “तुझ्या हाताला आता चव राहिली नाही.” संक्रांतीपासून हेच चाललंय. धणे फिके, साल फिकी, वरणसुद्धा फिकं. मी निमूट ऐकून घेतलं. मग सौरभनं बोलावलं आणि गेले. मला बघायचं होतं, माझा हात खरंच बिघडलाय का.

इंद्रजीत : आणि त्यानं प्रमाणपत्र दिलं.

ऋतुजा : दिलं. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? पुढच्या खेपेला जांभूळ घालायचं म्हणतोय. मी जाणार आहे.

इंद्रजीत : जाऊ नकोस.

ऋतुजा : कारण सांग.

इंद्रजीत : मला आवडत नाही.

ऋतुजा : हे कारण नाही. हा हट्ट झाला.

(इंद्रजीतची पाठ शेगडीकडे. तव्यावर त्यानं टाकलेले धणे करपू लागतात.)

ऋतुजा : गॅस बंद कर आधी. धणे जळतायत.

इंद्रजीत : कुठे?

ऋतुजा : कुठे काय, घरभर ठसका भरलाय. तुला वास येत नाही?

इंद्रजीत : नाही.

ऋतुजा : काय नाही?

इंद्रजीत : येत नाही. संक्रांतीच्या आधी तो ताप आला होता ना, तेव्हापासून. धण्यांचा नाही, संत्र्याचा नाही. वाटायचं, अजून थोडं घातलं तर येईल. म्हणून घालत गेलो. काल तो तुझ्या हातचा वास घेत होता, आणि मी शेजारी बसून नुसता फेस बघत होतो.

ऋतुजा : अरे, इतके महिने? मला का नाही सांगितलंस?

इंद्रजीत : तू विचारलं असतंस, “माझ्या केसांचा तरी वास येतो का?”