लंडनमार्गे वांगी

(धुळ्यात देवपूरला हितेंद्रची परदेशात माल पाठवायची कचेरी. यावलकडून वांगी पिकवणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख मोहिनी आणि तिची सासू बेबाबाई आल्या आहेत.)

मोहिनी : चहा नको, हितेंद्रभाऊ. आमची सहाशे किलो भरताची वांगी चार दिवस फ्रान्सच्या बंदरावर का सडत होती, ते सांगा.

हितेंद्र : ताई, बसा तर आधी. बारा वर्षं असाच माल पाठवतोय. मुंबईहून विमानाने लंडन, तिथून ट्रकने पॅरिस.

मोहिनी : अहो, इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडून किती वर्षं झाली! आता मध्ये सरहद्द आहे. ट्रकची वेगळी कागदपत्रं, मालाची वेगळी तपासणी. हे मी तुम्हाला शिकवायचं?

हितेंद्र : थेट पॅरिसच्या विमानात जागा नव्हती.

मोहिनी : मग विचारायचं होतं! आठ दिवस थांबलो असतो. वीस बायकांनी पहाटे उठून एकेक वांगं देठ न मोडता तोडलंय.

बेबाबाई : हळू बोल, मोहिनी. लोकं पाहून राह्यले.

मोहिनी : पाहू द्या!

हितेंद्र : उशीर झाला तो माझ्यामुळे, कबूल. पण माल वाया गेला तो उशिरामुळे नाही. हे पत्र आजच आलंय. तपासणीत एका खोक्यात काड्या निघाल्या.

मोहिनी : कसल्या काड्या?

हितेंद्र : कपाशीच्या. सुतळीने बांधलेली जुडी. कागदावर नोंद नाही, म्हणून त्यांनी सगळी खोकी जाळली. आणि पॅरिसच्या व्यापाऱ्याने पुढचा सगळा माल रद्द केलाय.

मोहिनी : म्हणजे हंगाम गेला! नूरबी... पॅकिंगला तीच होती. दहा वेळा बजावलं होतं, एक पानसुद्धा जाऊ देऊ नको. थांबा, आत्ताच तिला सांगते. उद्यापासून शेडमध्ये पाय ठेवायचा नाही.

बेबाबाई : फोन ठेव.

मोहिनी : आई, तुम्ही मध्ये पडू नका.

बेबाबाई : काड्या मी टाकल्या.

मोहिनी : काय?

बेबाबाई : नूतनसाठी. माही पोरगी तिकडे पॅरिसात बठ्ठ्या लोकायले भरीत खाऊ घालनार होती. काड्यायवर नही, गॅसवर भाजलेल्या वांग्याले भरीत म्हनतेत का? तिच्या पोराच्या बारशाले बी टाकल्या होत्या, ह्याच्याच खोक्यात. तवा पोचल्या की!

हितेंद्र : तेव्हा मध्ये फाटक नव्हतं, अक्का. एकदा लंडनला निभावलं की पुढे कोणी उघडत नव्हतं.

मोहिनी : वीस घरांचा माल, आई! एका जुडीपायी! लाज नाही वाटली?

बेबाबाई : आता वाटते ना! जीव जाते माहा लाजेनं. पन फाटकाचं मले कोनी सांगितलं? हा बारा वर्षांचा धंदेवाला, ह्याले पत्ता नही. तुले पत्ता होता, त तू नूरबीले दहा डाव सांगितलं. सासूले एक डाव तरी सांगितलं का?

मोहिनी : तुम्ही घरच्या. घरच्या माणसाला काय बजावायचं?

हितेंद्र : माझं ऐका. बायकांना एवढंच सांगा, तिकडचे कायदे बदलले, ट्रक अडला, माल गेला. खोटंही नाही. कुणाचं नावच घ्यायला नको.

मोहिनी : तुमचंही नाही, हो ना? आणि काड्यांचं आज ना उद्या कळेलच. पॅकिंगला कोण होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याच तोंडात पहिलं नाव तिचं आलं, त्यांच्या येणार नाही?

बेबाबाई : लाव नूरबीले फोन. इकडे दे.

मोहिनी : मी बोलते, आई. तुम्हाला नाही जमायचं.

बेबाबाई : दे म्हनते ना! ... नूरबी? मी बेबाबाई. उद्या वांगे तोडू नका. सांगते, काहून ते सांगते. बाया हायेत ना तुह्याजवळ? मंग आवाज मोठा कर फोनचा. बठ्ठ्यांले ऐकू येऊ दे.