शकूच्या गोष्टीचा शेवटचा फर्मा

मूळची मी दिघीचीच, माहेर बी तिथलं न् सासर बी तिथलंच, निम्मी जमीन मिलिटरीत गेली, उरलेली दिरांनी खाल्ली, मग आमचे हे कंपनीत हेल्पर लागले न् मी भोसरीला छापखान्यात. काम काय, तर छापलेल्या मोठाल्या कागदाच्या घड्या घालायच्या, त्याला फर्मा म्हणत्यात. निम्मी पानं उलटी, निम्मी सुलटी, घडी बसली की वळीनं लागत्यात. मला अक्षर म्हणून कळत न्हाई, कोपऱ्यावरच्या खुणेवर घडी घालायची.

पोरांच्या गोष्टींची पुस्तकं लई निघायची. खराब फर्मे मी घरी न्यायची, चूल पेटवायला. तर माझी थोरली शकू ते चुलीपुढनं ओढायची न् कागद गरागरा फिरवून वाचायची. आई, ह्याचा शेवटचा फर्मा आण की, म्हणायची. आता मी अडाणी, मला कुठला शेवटचा न् कुठला पयला!

त्या गोष्टी लिहिणाऱ्या एक बाई होत्या. पिंपरीला शाळा बी त्यांचीच. छपाई बघायला आल्या की आमच्यात बसून च्या प्यायच्या. शकूचं ऐकून डोळ्यांत पाणी आणलं, म्हणाल्या, अनसूया, चौथी झाली की पोरीला माझ्या शाळेत घाल, फीचं मी बघते, शब्द देते. मग खोदून खोदून विचारायच्या, ओढा कसा ओलांडते, पाटी कशात गुंडाळते. मी बी येडी, भडाभडा सांगायची. वाटायचं, किती जीव लावत्यात.

चौथी झाल्यावर शकू त्यांच्या शाळेच्या फुकट जागेच्या परीक्षेत पयली आली, व्हय, पयली. आन फुकटची जागा दिली कुणाला, तर छापखानेवाल्या शेठच्या भाचीला. बाई म्हणाल्या, समजून घे गं, माझी पुस्तकं त्यांच्याकडंच छापायची असतात ना. आवो, तोंडावर म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी नवं पुस्तक घडीला आलं. शकू माझी भाकरी घेऊन आलेली, तिनं म्होरला फर्मा उचलला, वाचाय लागली न् मधीच थांबली. काय गं? तर म्हणती, आई, ह्यातली पोरगी ओढ्यातनं जाती न् पाटी रद्दी फर्म्यात गुंडाळती. मग तिनं शेवटचा फर्मा हुडकला. त्यात पोरीवर अन्याय होतो, पण ती हटत न्हाई, न् मोठ्या बाई तिचा हात धरून वर्गात नेत्यात. काय सांगू तुम्हाला, केसानं गळा कापला बाईंनी, न् त्याच्या घड्या मी घातल्या, ह्या हातांनी! उठलेच होते काम टाकून, शकूनंच खाली बसवलं. गावात चौथीच्या म्होरं वर्ग न्हाई, शकूची शाळा सुटली ती सुटलीच.

आता शकू कंपनीत पॅकिंगला हाय, तिची लेक शाळेत जाती. परवा शकूनं तेच पुस्तक इकत आणलं, लेकीसाठी. मी भडकले, म्हटलं, घाल चुलीत. राहू दे आई म्हणाली, न् लेकीला पार शेवटापर्यंत वाचून दाखवलं. नात म्हणती, आई, त्या बाई किती चांगल्या होत्या, न्हाई?

शकू म्हणाली, व्हय.

देव नातीचं भलं करो. बाईंचं भलं म्हणायला आजून जीभ रेटत न्हाई माझी.